यंत्र आपले, कुलूप परक्याचे

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. माड किती पडले, पोफळी किती गेल्या, घराची भिंत किती खचली याचे पंचनामे झाले. परंतु एक हानी अशी आहे, की जी कोणत्याही पंचनाम्याच्या रकान्यात बसत नाही. पावसात भिजून निकामी झालेल्या संगणकाबरोबर त्याच्या मालकाने पूर्ण पैसे मोजून घेतलेला सॉफ्टवेअरचा परवानाही बुडतो.

श्रीवर्धनच्या किंवा मुरूडच्या बाजारपेठेतील एखादे छोटे दुकान डोळ्यांसमोर आणावे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, विद्यार्थ्यांचे अर्ज ही तिथली कामे. एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचे यंत्र एवढेच भांडवल. बाजारातील इतरांप्रमाणे चोरीची प्रत टाकून न घेता या मालकाने विंडोजची अधिकृत प्रत घेतली आणि पावती जपून ठेवली. वादळात छप्पर उडाले, मदरबोर्ड गेला. उसनवारी करून त्याने नवा मदरबोर्ड बसवला आणि यंत्र सुरू केले, तर पडद्यावर सूचना झळकली, की ही प्रत सक्रिय झालेली नाही. ज्या वस्तूचे पैसे त्याने मोजले होते ती वस्तू खऱ्या अर्थाने त्याची नव्हतीच, हे त्याला त्या दिवशी कळले. शेजारच्या दुकानातील चोरीच्या प्रतीला मात्र काहीच झाले नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली गेली आणि चालू लागली.

प्रामाणिकपणाला शिक्षा आणि चोरीला अभय देणारी ही व्यवस्था कुठून आली? ती आली परवान्याच्या त्या बारीक अक्षरांतील मजकुरातून, जो कुणी वाचत नाही आणि ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवल्याशिवाय ज्याच्यापुढे जाताही येत नाही.

मदरबोर्ड हाच मालक

नियम थोडक्यात असा आहे. विंडोजचे परवाने सामान्य ग्राहकाला मुख्यतः दोन प्रकारांनी मिळतात. पहिला, सुट्या विक्रीचा म्हणजे रिटेल परवाना. तो महाग असतो, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. दुसरा, यंत्राबरोबर येणारा ‘ओईएम’ परवाना. तो स्वस्त असतो आणि ज्या यंत्रावर प्रथम बसवला, त्याच यंत्राशी जन्माची गाठ बांधून येतो. घराघरांत आणि दुकानांत संगणक येतो तो बहुधा या दुसऱ्या परवान्यासह.

मग यंत्र म्हणजे काय? मायक्रोसॉफ्टच्या ओईएम नियमांनुसार यंत्राची ओळख मदरबोर्डवरून ठरते. हार्ड डिस्क बदला, रॅम वाढवा, पडदा बदला, चालते. पण मदरबोर्ड बदलून यंत्राची क्षमता वाढवली, तर ते ‘नवे यंत्र’ झाले आणि जुना परवाना त्याच्यावर चालत नाही. मदरबोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल तर सूट आहे. पण त्या सुटीलाही शेपूट आहे. नवा बोर्ड त्याच जातीचा, अथवा उत्पादकाने हमीच्या अटींनुसार समतुल्य म्हणून दिलेला असला पाहिजे. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या संगणकाचा तोच बोर्ड आज लॅमिंग्टन रोडवर तरी मिळेल का? मुरूडला मिळण्याची गोष्टच सोडा.

ही नाकाबंदी सुरू झाली २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर. त्या वेळी प्रथमच घरगुती ग्राहकाच्या प्रतीला ‘सक्रिय’ करून घेण्याची सक्ती आली. यंत्राच्या निरनिराळ्या भागांवरून त्याची एक ओळखखूण तयार होई आणि भाग ठरावीक मर्यादेपलीकडे बदलले, की पुन्हा परवानगी मागावी लागे. परवानगी आंतरजालावरून, नाहीतर दूरध्वनीवर लांबलचक आकडे वाचून दाखवून मिळवायची. विंडोज १० च्या काळात हा परवाना ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची सोय झाली. सोय खरीच, पण आपल्याच वस्तूसाठी आधी परक्याच्या दप्तरात नाव नोंदवायचे आणि मग तिच्या वापराची मागणी करायची, हा क्रम मात्र पक्का झाला.

कंपनीचा प्रतिनिधी अनेकदा अडवणूक न करता नवा संकेतांक देतो, हेही नमूद केले पाहिजे. परंतु प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही. पैसे मोजलेल्या माणसाला आपल्या वस्तूसाठी विनंती का करावी लागावी? बोर्ड ‘बिघडला’ की ‘सुधारला’ याचा निवाडा विक्रेत्यानेच का करावा? ज्याचा हक्क असतो तो मागत नाही, घेतो. जिथे मागावे लागते तिथे हक्क नसून मेहेरबानी असते.

खारा वारा जाणत नाही अटी

हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना कोकणची हवा ठाऊक असण्याचे कारण नाही. रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंत समुद्रालगत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की खाऱ्या वाऱ्यापुढे लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, सायकलची साखळी, पंख्याची पाती सारे गंजते. संगणकाच्या बोर्डावरील तांब्याच्या बारीक रेषा आणि जोडणीच्या जागा तर त्याहून नाजूक. पावसाळ्यातील दमट हवा, वरचेवर जाणारी वीज, अचानक वाढणारा दाब आणि कडाडणाऱ्या विजांचे लोळ यांत इथले यंत्र देशावरच्या यंत्राआधीच दम तोडते. इथे मदरबोर्ड बदलणे ही चैन नव्हे. ती छपरावर नवी कौले घालण्यासारखी नित्याची डागडुजी आहे. यंत्राच्या आयुष्याला परवान्याचे आयुष्य बांधणारा नियम सर्वांत जास्त छळतो तो किनाऱ्यावरच्या माणसाला.

पुराचेही तेच. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. दुकानातील कापड वाळवता येते, भांडी घासून घेता येतात. चिखलात बुडालेला मदरबोर्ड मात्र कायमचा जातो, आणि नियमाच्या भाषेत त्याच्याबरोबर परवानाही.

हे केवळ परदेशी कंपन्यांचे पाप आहे असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. मराठी अक्षरजुळणीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ‘डाँगल’ हा शब्द नव्याने सांगायला नको. देशी लिपींच्या अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर अनेक वर्षे अशा छोट्या कुलपासह विकली गेली. ते कुलूप संगणकाच्या प्रिंटर-जोडणीत खोचायचे, तरच अक्षर उमटणार. कुलूप हरवले किंवा गंजले, की सॉफ्टवेअर मुके. पुढे नव्या संगणकांतून ती जुनी जोडणीच नाहीशी झाली आणि कुलूप असूनही दार उघडेना. छापखान्यांतून मग एखादा जुनाट संगणक केवळ त्या कुलपासाठी जिवंत ठेवण्याची कसरत सुरू झाली. कुलूप देशी असो की विदेशी, कोंडला जातो तो ग्राहकच. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या उद्योजकांनाही हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

विकताना माल, मागताना उसनवारी

आता कायद्याकडे वळू. इथे तर मोठीच विसंगती दिसते. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की केवळ वापराची परवानगी? टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी निर्णय दिला, की दुकानात मिळणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. म्हणजे कर भरताना ग्राहकाने माल विकत घेतला.

पुढे २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनीअरिंग ॲनालिसिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की परदेशी कंपनीला अशा सॉफ्टवेअरपोटी दिलेली रक्कम ही स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी नव्हे. ग्राहकाला लेखाधिकारातला कोणताही वाटा मिळत नाही, त्याच्या हाती पडते ती त्या कृतीची एक प्रत, एक वस्तू. त्यामुळे त्या रकमेवर इथे रॉयल्टी म्हणून प्राप्तिकर कापण्याची गरज नाही. न्यायालयाचा तर्क कायद्याला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्यातून उभे राहणारे चित्र पाहावे. ग्राहकाकडून कर घेताना सॉफ्टवेअर हा माल. परदेशी कंपनीला करातून मोकळे करताना तो माल. मात्र त्याच ग्राहकाने ‘मी विकत घेतलेला माल जुन्या यंत्रातून काढून नव्या यंत्रात घालतो’ म्हटले, की तो माल राहत नाही. तिथे तो ‘परवाना’ होतो आणि ग्राहक मालकाचा भाडेकरू होतो. आयुष्यभराचे भाडे एकरकमी भरलेला, आणि तरीही घर बदलण्याची मुभा नसलेला भाडेकरू!

दुसऱ्या बाजूला शिक्षेची तरतूद मात्र चोख आहे. संगणकीय आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास लेखाधिकार कायद्याच्या कलम ६३-ब नुसार किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. चोराला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण ज्याने पैसे भरले, ज्याच्याकडे पावती आहे आणि ज्याचा केवळ बोर्ड बदलला, त्याच्यावर या कलमाची सावलीही का पडावी?

दाद मागावी तर कुठे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली. ग्राहकाला गैरसोयीत टाकणारी अवाजवी अट त्यात मोडते. पोटापाण्यासाठी स्वतः दुकान चालवणारा माणूसही या कायद्यात ग्राहकच आहे. इथवर सारे उत्तम. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य आयोगापुढे करावी लागते. म्हणजे श्रीवर्धनच्या दुकानदाराने काही हजारांच्या परवान्यासाठी अलिबागला न जाता थेट मुंबई गाठायची, वकील लावायचा आणि जगातील बलाढ्य कंपनीशी झुंजायचे. हक्क कागदावर दिला आणि त्याचे दार सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर बसवले, तर तो हक्क कोणाच्या उपयोगाचा?

जुना कार्ताझ, नवा कार्ताझ

रायगडच्या किनाऱ्याला परवान्यांचा हा खेळ नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज या समुद्रात आले आणि त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. समुद्र ईश्वराने निर्मिलेला, गलबत आपल्या सुतारांनी बांधलेले, माल आपल्या व्यापाऱ्यांचा. तरीही कार्ताझ नसेल तर गलबत जप्त. त्या कागदावर जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, आकार, माणसे, शस्त्रे, कुठून कुठे जाणार हे सारे लिहिलेले असे. परवाना त्या जहाजाचा, त्या फेरीचा. जहाज बदलले की नवा कागद, नवे पैसे. चौल-रेवदंड्याला आणि कोर्लईला त्यांच्या तोफा होत्या, म्हणून त्यांचा कागद चालत होता.

पुढे याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे उभे राहिले. या पाण्यातून जायचे असेल तर दस्तक आमचे घ्यावे लागेल, असे त्यांनी बजावले. मुंबईकर इंग्रजांना ते रुचले नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परतले. या इतिहासाचे स्मरण केवळ अभिमानासाठी करायचे नाही. परवाना कोणाचा आणि त्याच्या अटी कोणत्या, हे ज्याच्या हाती सत्ता असते तो ठरवतो, हा त्याचा बोध आहे. ज्या समाजाचे शासन आपल्या माणसांसाठी अटी लिहीत नाही, त्या समाजाला इतरांनी लिहिलेल्या अटी पाळाव्या लागतात.

युरोपला एक न्याय, भारताला दुसरा

इतर देशांनी काय केले? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० सालीच निर्णय दिला, की ओईएम प्रत एकदा बाजारात आली की ती यंत्राशिवाय वेगळी विकण्यास मायक्रोसॉफ्ट मनाई करू शकत नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. किंमत घेऊन मुदतीविना दिलेला परवाना ही विक्रीच होय, आणि आंतरजालावरून उतरवून घेतलेले सॉफ्टवेअरही पहिला ग्राहक आपल्याकडील प्रत निकामी करून दुसऱ्याला विकू शकतो, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. तिथे दुसऱ्याला विकण्याचा हक्क आहे. इथे स्वतःच्याच दुसऱ्या यंत्रावर नेण्याची मारामार!

लोकांनी आवाज उठवला की कंपन्या नमतात, याचाही दाखला आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या अटी जाहीर झाल्या तेव्हा सुट्या विक्रीचा परवानाही एकदाच दुसऱ्या यंत्रावर नेता येईल, असे त्यात होते. जगभरातील हौशी आणि जाणत्या ग्राहकांनी गदारोळ केला आणि पुढच्याच महिन्यात ती अट मागे घ्यावी लागली.

अलीकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ फुकट, पण त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० हवे आणि प्रोसेसर नव्या पिढीचा हवा. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा. सुस्थितीत चालणारे कितीतरी संगणक एका रात्रीत ‘अपात्र’ ठरले. पूर्वी यंत्र मेले की परवाना मरत असे. आता परवान्यासाठी चालते यंत्र मारायचे! सुरक्षेची दुरुस्ती आणखी एक वर्ष हवी असेल, तर घरगुती ग्राहकापुढे तीन वाटा ठेवण्यात आल्या. ३० डॉलर भरा, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतील १००० गुण द्या, किंवा आपल्या यंत्राच्या मांडणीची नोंद कंपनीच्या साठवणीत ठेवा. युरोपातील ग्राहक संघटनांनी मात्र दबाव आणला आणि तिथल्या लोकांसाठी या अटी सैल झाल्या. पैसे नकोत, नोंदीची सक्ती नको. वस्तू एकच, कंपनी एकच. फरक एवढाच, की तिथला ग्राहक संघटित होता.

आणि केवळ घरगुती ग्राहकच नव्हे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी आहे, हे खरे. पण भारतीय भूमीवर, भारतीय कायद्याने चालणाऱ्या उद्योगाचे दप्तर परक्या राजधानीतील निर्णयाने बंद पडू शकते, हे त्यातून दिसले. दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. ज्याच्याकडे मोठे वकील आहेत त्याचे भागले. दुकानदाराचे काय?

चोरीचे समर्थन नव्हे

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ओईएम परवाना स्वस्त आहे तो यंत्राशी बांधलेला आहे म्हणूनच. स्वस्त घ्यायचे आणि महागाचे हक्क मागायचे, हा कुठला न्याय? आक्षेप विचार करण्यासारखा आहे, पण टिकणारा नाही. स्वस्त आणि महाग यांत निवड करायची तर दोन्ही पर्याय ग्राहकासमोर मांडले गेले पाहिजेत. आपल्या गावच्या दुकानात ‘हा परवाना मदरबोर्डबरोबर संपेल, तो संपणार नाही’ असे किती विक्रेते सांगतात? पावतीवर मराठीत तसे कुठे छापलेले असते? जी अट सांगितलीच नाही, ती मान्य केली असे कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या चोरीचा. तो मात्र मान मोडून ऐकला पाहिजे. ‘चालते हो’ म्हणून चोरीच्या प्रती वापरणे ही आपल्या समाजाला लागलेली वाईट खोड आहे. दुसऱ्याच्या बुद्धीचे श्रम फुकट वापरणारा समाज स्वतःच्या बुद्धीलाही मोल मागू शकत नाही. शिवाय चोरीच्या प्रतीने परदेशी कंपनीचे राज्य खिळखिळे होत नाही. उलट साऱ्या समाजाला तिचीच सवय लागते आणि देशी पर्याय जन्मताच मरतो.

आता काय व्हावे

केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने आरंभी हाती घेतली. पाऊल स्तुत्य आहे. परंतु सुटा भाग मिळाला आणि परवान्याने तो नाकारला, तर ती दुरुस्ती कसली? पूर्ण किंमत घेऊन विकलेला परवाना यंत्राचा नसून ग्राहकाचा आहे, एका वेळी एका यंत्रावर या मर्यादेत तो त्याला कुठेही नेता येईल, असे कायद्यात स्पष्टपणे आले पाहिजे. नैसर्गिक आपत्तीत यंत्र गेले तर पावती आणि पंचनामा दाखवताच नवा संकेतांक मिळणे बंधनकारक हवे. परवान्याचा प्रकार पावतीवर मराठीत छापला जावा. आणि लहान रकमेच्या अनुचित कराराची तक्रार अलिबागच्या जिल्हा आयोगात चालावी.

सरकारी खरेदीतही शहाणपण हवे. केंद्राने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली उभी केली. केरळातील राजकारणाशी कितीही मतभेद असोत, तिथल्या शासकीय शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून ते यशस्वी करून दाखवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात मात्र २००१ पासून लक्षावधी मुले संगणक शिकली ती विंडोज आणि ऑफिस शिकून. संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण आपणच पक्के केले. लोणेऱ्याला तंत्रशास्त्राचे विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी सुटीत किनाऱ्यावरच्या एकेका शाळेत जाऊन ‘अपात्र’ ठरलेल्या संगणकांवर मुक्त प्रणाली बसवून दिली, तर भंगारात जाणारी यंत्रे पुन्हा मुलांच्या हाती येतील.

आणि घराघरांत? पुढचा संगणक घेताना विक्रेत्याला एवढेच विचारावे, की परवाना कोणता, आणि मदरबोर्ड बदलला तर त्याचे काय होईल? उत्तर पावतीवर लिहून मागावे. विक्रेता आधी चकित होईल, मग चिडेल, आणि दहा ग्राहकांनी तेच विचारल्यावर तो वितरकाला विचारू लागेल. वितरक कंपनीला विचारील. कोकणात वादळे पुन्हा येणार आहेत आणि खारा वारा तर रोजचाच आहे. पुढच्या वादळानंतर त्या दुकानदाराला आपल्याच वस्तूसाठी हात पसरावे लागू नयेत, एवढी तजवीज तोवर झाली पाहिजे.